नाक्यावर बसलेला योद्धा

मंडळी, आज नागपुरात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लागलं आणि मी सकाळी इथे अमेरिकेत, अर्व्हिंगमध्ये सोफ्यावर बसून फोनवर अक्षता टाकल्या. खरंच टाकल्या, स्क्रीनवर! इथे परत यायला लागणारा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय आणि नव्याची अपॉइंटमेंट काही मिळत नाही.

माझं तोंड बघून बायको म्हणाली, "चल, घरात बसू नकोस." मग मुलीला घेऊन म्युझियममध्ये गेलो. तिथे लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं लावली होती. योद्धे, डोंगर, लांबच लांब रस्ते.

एका चित्रात रस्त्यावरचा नाका होता. अधिकारी कागद तपासतोय आणि प्रवासी गुडघे टेकून बसलेत. त्यांच्यात एक योद्धाही होता, कमरेला दोन तलवारी.

मुलगी इथेच जन्मलेली. म्हणाली, "बाबा, ही हॅज स्वोर्ड्स! मग तो जात का नाही?"

"जाता येतं गं. परत येऊ देत नाहीत."

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. "सो ही मिस्ड हिज सिस्टर्स वेडिंग टू?"

बायको पटकन पुढच्या चित्राकडे गेली. मी तिथेच उभा.

हे टाइप करतोय आणि फोनच्या कव्हरमध्ये अक्षतांचा एक दाणा अजून अडकलेला आहे.