येळवशीची तारीख

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आई गेली तेव्हा रडता रडता माझ्या मनात आलं होतं, चला, हिला तरी आता कळणार नाही. एवढ्यावरून माणूस कसा आहे ते तुमच्या लक्षात येईल.

रेल्वेचे मार्ग आखणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो. एका मोठ्या शहराच्या मुख्य स्टेशनापासून विमानतळापर्यंत मेट्रो न्यायची होती, तिची आखणी आमच्याकडे होती. शहराचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की तुम्ही शहराला शिव्या द्याल आणि मी आपला अलगद सुटेन.

नकाशावर दोन वाटा होत्या. एक बिल्डरच्या मोकळ्या जागेवरून, दुसरी एका वस्तीवरून. वस्ती सगळी लातूरकडची — शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर इकडून बांधकामावर गेलेली आणि तिथेच राहिलेली माणसं. माझी गिरजामावशी त्याच वस्तीतली, आईची सख्खी बहीण. मजुरांसाठी खानावळ चालवायची. मी इंजिनिअरिंगला होतो ती सगळी वर्षं त्या खानावळीच्या माळ्यावर झोपलो आणि तिच्या हातची भाकरी खाल्ली. पैशाचं नाव काढलं की म्हणायची, "गप जेव."

ऑफिसात हे कुणाला माहीत होतं का? छे. तिथे मी 'हॉस्टेलला होतो' असं सांगायचो. एकदा हॉस्टेल म्हटलं की मग मेस, रूममेट, सगळं रचावं लागतं. तेही रचलं.

तर — वस्तीवरून मार्ग न्यायचा तर आधी जनसुनावणी घ्यावी लागते, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. हरकती जोरात आल्या तर दुसऱ्या वाटेचा विचार करू, असं साहेब स्वतः म्हणाले होते. म्हणजे घरं वाचण्यासारखी होती. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण 'तसंही काही होणार नव्हतं' असं मी स्वतःला फार वेळा समजावलेलं आहे. बैठकीत साहेबांनी विचारलं, तारीख कोणती धरायची? मी एक तारीख सुचवली.

त्या दिवशी येळवस होती.

लातूरबाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात, कचेऱ्यांना कुलूप असतं आणि झाडून सगळे शेतात असतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, पूजा करायची, आंबील प्यायची, भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी येईल त्याला भाकरीबरोबर वाढायची. दिवाळी चुकवणारा माणूस येळवशीला गावी येतो. शहरात त्या दिवसाची सुट्टी नाही, कुणाला नावही ठाऊक नाही. त्या टेबलाभोवती मला एकट्यालाच माहीत होतं, की त्या दिवशी वस्तीत चिटपाखरू नसणार. साहेब म्हणाले, ठीक आहे, लिहून घ्या.

तुम्हाला वाटेल बढतीसाठी केलं. मीही बरीच वर्षं तेच धरून होतो — बढती म्हटली की निदान माणूस हुशार तरी ठरतो. बढती मिळालीही. पण ते कारण नव्हतं. मला भीती होती मावशीची. ती सुनावणीला येणार, पहिल्या रांगेत बसणार आणि सगळ्यांदेखत उठून म्हणणार, "मन्म्या, सांग की रे तुझ्या सायबाला." तिला माझा केवढा आधार वाटायचा! आपला मन्मथ त्याच कंपनीत हाय, आपल्या घराला काय होत न्हाई, असं वस्तीभर सांगत फिरली होती. आणि मला त्या 'मन्म्या'ची लाज वाटत होती. तेवढ्यासाठी मी अख्खी वस्ती दिली.

नोटीस रीतसर लागली. मावशीचा फोन आला. "मन्म्या, त्या दिशी तर येळवस हाय की रे. थांबावं का जावं?"

'थांब' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "तुझ्या मनाला येईल तसं कर, मावशी."

तिच्या मनाला काय येणार हे मला का माहीत नव्हतं? येळवशीला घरचं माणूस शेतात नसलं तर वर्ष नीट जात नाही, असं मानणारी बाई ती. पोरं थांबू म्हणत होती, तिनेच त्यांना गप्प केलं. अशा बैठका आज न्हाई तर उद्या होतील, म्हणाली. वस्तीत तिचा शब्द चालायचा. ती निघाली तसे सगळे निघाले.

आणि मी? रजा टाकून मीही गेलो — तिच्याच शेतात. तिच्या शेजारी घोंगडीवर बसून जेवत होतो तेव्हा फोनवर निरोप आला : हॉल रिकामा, हरकत एकही नाही. मी फोन उपडा ठेवला आणि आणखी भज्जी मागितली. भज्जी फार चांगली झाली होती, हेही मला आठवतं.

वस्ती उठली. मावशीला शहराबाहेरच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. तिथे मजूरच नाहीत, तर खानावळ चालवायची कुणासाठी? शेवटी ती लातूरला थोरल्या मुलाकडे आली. तो आता रिक्षा चालवतो आणि सतत चिडलेला असतो. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. विमानतळाची मेट्रो सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर लागली होती. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या येळवशीपायी घर गेलं, माय. थांबलो असतो तर वाचलं असतं."

हे तो पहिल्यांदा म्हणत नव्हता, ते त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"हाव, माझंच चुकलं," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघून — "तू एकटाच हायस बाबा, मला कधी बोल लावत न्हाईस."

मी म्हणालो, "जाऊ दे, मावशी. चूक माणसाकडूनच होते."

तिने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.