आक्कांचं पहिलं ताट

आक्का पंगतीच्या आधी जेवायच्या, आणि तेही सगळ्यांच्या नाकासमोर बसून. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात आम्ही काहीजण बेघरांना आणि हातावर पोट असणाऱ्यांना दुपारचं जेवण वाढायचो. बाहेर माणसं ताटकळताहेत आणि ही बाई मांडी घालून बासुंदी ओरपतेय, हे पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी शाळामास्तरीण, मनात ठेवायची सवय नाही. तुम्हालाच आधी भूक लागते होय, असं मी विचारलंच.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला काय हुतंय का बगा, बाई. न्हाय झालं तर वाढा."

मग अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायच्या. आमचा स्वयंपाक त्याच बघायच्या; त्यांचा सगळा जन्म वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलेला. रस्त्यावरच्या माणसाला अन्न बाधलं तर कुणाला कळतसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. भांडंही त्या आतून हात फिरवून बघायच्या. मला हा सगळा सोवळेपणा वाटायचा.

एका पाडव्याला स्टीलची पातेली कमी पडली. मी मोठ्या तोऱ्यात माझ्या सासरचं पितळी पातेलं आणलं, चिंच लावून लखलखीत घासलेलं. ताक मी सकाळीच त्यात ओतलं. आतली कल्हई कधीच गेली होती, ते बघायचं मला सुचलं नाही. आक्का तेव्हा पुऱ्यांच्या घाण्यात अडकल्या होत्या.

त्यातच तात्या मागच्या दाराशी आला. एस.टी. स्टँडच्या आडोशाला राहणारा म्हातारा, दरवर्षीचा. घसा सुकलाय म्हणाला. मला दया आली आणि पंगतीआधीच मी त्याला दोन पेले ताक दिलं. तो निघून गेला.

थोड्या वेळाने आक्का ताटावर बसल्या. ताकाचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, हे कशात ठेवलंय विचारलं, आणि मोरीकडे धावल्या. मी पातेल्यात वाकून बघितलं. कडेला हिरवट रेघ धरली होती; कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकलं होतं. तात्याला दोन पेले दिल्याचं मी आक्कांना सांगितलं. आक्कांनी पदराने तोंड पुसलं, ताक ओतून द्यायला लावलं आणि फक्त "चला" म्हणाल्या.

स्टेशन, स्टँड, रिक्षाथांबा, सगळं पालथं घातलं. कुणी पांघरूण घेऊन झोपलेलं दिसलं की मी दोन पावलं मागेच थांबायची. पांघरूण मी दूर करायची नाही, आक्का करायच्या. शेवटी तात्या एका भिंतीला टेकून बसलेला सापडला, घामाघूम. शेजारी ओकारीवर त्याने माती लोटली होती.

"मला काय झालं न्हाय," तो आम्हाला बघताच म्हणाला. "पंगत बंद करू नगासा."

रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. तोवर आक्कांनाही उलट्या सुरू झाल्या होत्या, त्यांना शेजारच्या खाटेवर सलाईन लागलं. डॉक्टरांनी तात्याला काय खाल्लं विचारलं, तर रस्त्यावर काहीतरी शिळं खाल्लं म्हणून त्याने दडपून सांगितलं. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. शाळा, गाव, पेपरातली बातमी, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी गप्प उभी राहिले.

आक्कांनी खाटेवरून मान वळवली. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी डॉक्टरांना पातेल्याचं, ताकाचं, दोन पेल्यांचं सगळं सांगितलं.

तात्या माझ्यावरच चिडला. "कशाला सांगितलंसा, बाई? आता बंद पडंल की!"

"पडली तर पडंल," आक्का म्हणाल्या. "तुमी ऱ्हावा म्हंजे झालं."

तात्या वाचला, पंगतही राहिली. आक्का मात्र दोन वर्षांपूर्वी गेल्या. ते क्षणभराचं बरं वाटणं मी त्यांना कधीच सांगितलं नाही, आणि त्याची भीती मला अजून वाटते. त्यांनी ते त्याच वेळी ओळखलं होतं, याची मला खात्री आहे. तरी पुढच्या पाडव्याला ताकाचं काम त्यांनी मलाच दिलं.