दोनवरची टाळी

चंद्रहास वैरागडेच्या आवाजाबद्दल नागपुरात एकमत होतं. तो आवाज नव्हता, अडचण होती. आठवीत असताना गॅदरिंगच्या समूहगीतासाठी बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "तू नुसतं तोंड हलव." त्यानं हलवलं. पुढे गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला तो ओठ मिटून टाळ्या वाजवायचा. टाळी मात्र पक्की होती. तीस वर्षं तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तो डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये राहत होता आणि औषधांच्या एका कारखान्यात यंत्रं तपासत होता. तो फोनवर बोलायला लागला की त्याची बायको संध्या टीव्हीचा आवाज वाढवायची. एका घरात दोन माणसं अशी वर्षानुवर्षं एकमेकांचा आवाज चढवत राहतात आणि त्यालाच संसार म्हणतात.

२०२०च्या गुढीपाडव्याला सगळे घरात अडकले होते, म्हणून डब्लिनच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम झूमवर झाला. कुणीतरी कविता वाचत असताना चंद्रहास म्यूट करायला विसरला आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "श्रीखंड कुठंय?" पंचवीस घरांतले लॅपटॉप थरथरले.

दुसऱ्या दिवशी सारंगचा फोन आला. सारंग पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, दहा-बारा वर्षांनी लहान, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा.

"दादा, काल श्रीखंडाचं विचारणारा तूच ना?"

"सॉरी बाप्पा. म्यूट करायचं राहिलं."

"परत म्हण."

"काय?"

"तेच. अजून खालच्या सुरात."

चंद्रहासनं अजून खालच्या सुरात श्रीखंड मागितलं. सारंग म्हणाला, "दादा, दोन वर्षं मी असा माणूस शोधतोय."

सारंगला सोल गाणारा चौघांचा गट काढायचा होता. वाद्यं नाहीत, फक्त गळे आणि टाळ्या. सोल म्हणजे काय ते त्यानं समजावलं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बाहेर पडून नाचघरात शिरलेलं गाणं. दुःख खरं असतं, पण कंबर हलते. अशा गाण्याला तळाशी एक भक्कम, जाडजूड आवाज लागतो. तो नसला तर बाकीचे तिघं हवेत लोंबकळतात. आपल्यावाचून कुणीतरी लोंबकळतंय, ही कल्पना चंद्रहासला नवीन होती. त्या रात्री त्यानं संध्याला ती तीनदा सांगितली.

बाकीच्या दोघी म्हणजे ल्यूकनचीच स्वरूपा आणि ब्लँचर्डस्टाउनची रेवती. गटाचं नाव 'सोलकढी' ठेवावं असं चौघांनाही एकाच वेळी सुचलं, म्हणून ते लगेच रद्द झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला सरकारची बंदी आली आणि रेवतीचं घर निघालं साडेसहावर. म्हणून नाव पडलं 'फाइव्ह किलोमीटर्स'.

भेटणं शक्य नव्हतं. प्रत्येकानं कानात हेडफोन घालून आपापला भाग गायचा, टाळ्या वाजवायच्या, चित्रीकरण सारंगला पाठवायचं आणि त्यानं ते चार चौकोनांत जोडायचं. चंद्रहास काळा शर्ट घालून कपड्यांच्या कपाटासमोर गायचा. वर्षभरात सात गाणी झाली. आयर्लंडभरच्या मराठी लोकांनी ती एकमेकांना पाठवली. स्लायगोहून एका डॉक्टरबाईंनी लिहिलं, "खालचा आवाज ऐकून पोटात गरम वाटलं." हा निरोप चंद्रहासनं जपून ठेवला होता. नागपूरहून आईनं मात्र विचारलं, "तुझं नेट हळू आहे का रे? हात आधी वाजतात आन् आवाज मागून येतो."

"हो, नेटच," तो म्हणाला.

मे २०२१मध्ये बंधनं सैल झाली आणि स्वरूपाच्या मागच्या बागेत चौघं पहिल्यांदा एकत्र उभे राहिले. सारंगनं मोजलं, "एक, दोन, तीन, चार." चंद्रहासनं तोंड उघडलं. कुंपणावरचा कावळा उडाला. मग त्यानं टाळी वाजवली आणि स्वरूपा गाताना अडखळून थांबली.

"दादा, एकवर नाही. दोनवर."

"वर्षभर तर बरोबर होतं की."

रेवती गवताकडे बघायला लागली. सारंगनं चष्मा काढून पुसला. "दादा, सोलमध्ये चार मात्रा मोजायच्या आणि टाळी दोनवर आणि चारवर. एक आणि तीन रिकामे. तू आरतीसारखी एकवर वाजवतोस. मी त्या उचलून पुढं सरकवायचो. कॉम्प्युटरवर."

"किती?"

"सगळ्या. एका गाण्यात साधारण एकशे चव्वेचाळीस."

"सातही गाण्यांत?"

"सातही."

वर्षभर आपलेच हात आपल्या मागे दुसऱ्याच ठिकाणी वाजत होते, हे कळल्यावर माणूस आधी हातांकडे बघतो. चंद्रहासनं बघितलं. हात नेहमीसारखेच होते.

वीस जूनला जवळच्या एका वृद्धाश्रमाच्या हिरवळीवर त्यांचा पहिला खराखुरा कार्यक्रम होता. सारंग म्हणाला, हात खिशात घाल. घातले, तर गुडघा एकवर वाकायला लागला. गुडघ्याला दामटलं, तर आवाजच एकवर दाबून पडायचा आणि बाकीच्या तिघांना ओढून न्यायचा. शेवटी सारंग हळूच म्हणाला, "दादा, असं करू. तुझाच आवाज, तुझंच रेकॉर्डिंग, स्पीकरवर लावू. तू उभा राहा. नुसतं तोंड हलव."

"काऊन बे?" चंद्रहास म्हणाला. नागपूर सोडल्यापासून बावीस वर्षांत त्याच्या तोंडून एवढं शुद्ध नागपुरी निघालं नव्हतं. मग सावरून म्हणाला, "मला तीन आठवडे दे. नाही जमलं तर मी येणारच नाही. पण तोंड नाही हलवणार."

पुढचे दहा दिवस तो केटल उकळेपर्यंत टाळ्या वाजवायचा. संध्या पोळ्या लाटता लाटता आकडे मोजायची. टाळी एकवरच. तो तोंडानं "दोन" म्हणायचा आणि त्याचा हात एकवर पडलेला असायचा. कुत्रं फिरवणारे शेजारी खिडकीतून हात करायचे. त्यांना वाटायचं, हा माणूस बायकोच्या पोळ्यांना दाद देतोय.

अकराव्या दिवशी वैतागून त्यानं फोनवर एक ख्याल लावला आणि डोळे मिटून बसला. संध्या हात पुसत त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो, तुमची मान हलली."

"समेवर हलते. त्यात काय?"

"एकवर तुम्हाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. मग करा की! मान हलवा. तिचा आवाज होत नाही. एकवर मान, दोनवर टाळी. तीनवर मान, चारवर टाळी."

त्यानं करून बघितलं. एकवर देवाला संमती दिल्यासारखी मान हलली आणि मोकळे राहिलेले हात निमूटपणे दोनवर येऊन वाजले.

"ग्रँड!" संध्या म्हणाली आणि करपलेली पोळी तव्यावरून उचलली.

चार दिवसांत ती सवय अंगात इतकी भिनली की गाणं नसतानाही मान हलायला लागली. कारखान्यातल्या बैठकीत तो मनात मोजत बसला होता. सगळ्याला हो म्हणतोय असं समजून साहेबानं दोन जादा तपासण्या त्याच्या नावावर टाकल्या.

वीस जूनला हिरवळीवर तीसेक म्हातारी माणसं गुडघ्यांवर ब्लँकेटं घेऊन बसली होती. संध्या मागच्या खुर्चीवर होती. स्पीकर आणला होता, सारंगच्या पायाशी होता, बंद होता. "सावधगिरी म्हणून," सारंग म्हणाला. चंद्रहासनं त्याच्याकडे बघितलं नाही.

पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्या गाण्यात पुढच्या रांगेतल्या चपटी टोपी घातलेल्या आजोबांना आनंद झाला आणि त्यांनी टाळी धरली. एकवर. शेजारच्या आजीनं धरली. मग तिसाच्या तीस जणांनी. एकवर. ही माणसं जन्मभर तशीच वाजवत आली होती आणि हे सारंगनं कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

आधी रेवती घसरली. मग स्वरूपा. मग सारंगचे हात हवेत थांबले, गोंधळले आणि एकवर जाऊन पडले. दोनवर वाजवायला या तिघांना कधी कष्ट पडले नव्हते, त्यामुळे धरून ठेवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

चंद्रहासला मात्र ती ओढ ओळखीची होती. साठ हात एकवर पडत होते, बरोबर जिथं त्याचे तीस वर्षं पडत आले होते. सामील झाला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यानं मान हलवली, हात मोकळे ठेवले आणि दोनवर टाळी वाजवली. मान, टाळी. मान, टाळी. खालून आवाज शांतपणे चालत राहिला. सारंगनं बुडणाऱ्यासारखं त्याच्याकडे बघितलं. चंद्रहासनं मान जरा मोठी हलवली. सारंगनं तिच्यावर डोळा ठेवला आणि परत दोनवर आला. त्याच्यामागून दोघी आल्या. गाणं जिथं संपायला हवं होतं तिथं, चौघांचं एकदम संपलं.

टोपीवाले आजोबा काठी टेकत पुढे आले. "फार छान," ते सारंगला म्हणाले. "पण तो मागचा उंच माणूस टाळीला चुकतो. शेवटी तर तुम्हा सगळ्यांनाच त्यानं बिघडवलं."

सारंगनं समजावून सांगायला तोंड उघडलं. चंद्रहासनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थँक्यू," तो आजोबांना म्हणाला. "लक्ष ठेवतो."

स्पीकरची वायर सारंगनं स्वतः गुंडाळली. सरळ गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

सप्टेंबरात सारंगकडे गणपती बसले. आरती सुरू झाली आणि मागून तो आवाज आला. नागपूरच्या गल्लीत कधीच न उमटलेला, फरशीतून वर चढणारा. समईच्या ज्योती हलल्या की नाही यावर नंतर वाद झाला. सगळ्यांच्या टाळ्या एकवर पडत होत्या. एक टाळी दोनवर.

संध्यानं कोपर मारलं. "अहो, टाळी!"

चंद्रहासनं मान हलवली आणि गात राहिला.