आडनावावरून शोधलेलं कुलदैवत

नव्यानं सून होऊन आलेल्या शिखाला इंदुमती आत्या पहिल्यांदा नीट दिसल्या, त्या रागानं थरथरताना. तिच्या नवऱ्यानं, हृषीकेशनं, इंटरनेटवर नुसतं आडनाव टाकून कुलदैवत शोधलं होतं आणि लग्नानंतरचं पहिलं दर्शन जेजुरीला उरकलं होतं.

"आडनाव एक म्हणजे कूळ एक झालं का रे, भिया?" आत्या कडाडल्या.

"आत्या, सबसे ऊपर वही आया था!"

"वर तर फेसही येतो! आपली तुळजापूरची भवानी. इथे तुकोगंजातल्या घरात मी जिवंत बसलेय, मला विचारायला काय झालं होतं?"

"एक मिनिट, चेक करतो," म्हणत हृषीकेशनं पुन्हा मोबाइल काढला. आत्या ताटावरून उठल्या.

हल्ली त्या शिखाशी रोज फोनवर बोलतात, हृषीकेशशी नाही.