लाँचला धोका असतो

आता काय झालं ते सांगते, पण चहाचे कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा शेजारणीच्या नाकातून चहा आला होता.

आमची दर्शना नोकरीसाठी बंगळुरूला निघाली होती. तिला आणि तिच्या पप्पांना टीव्हीवर गेम खेळायचं वेड. बाप-लेक अशी भांडतात की वाटावं जमिनीच्या वाटण्या चालल्यात! तर नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा, येतोय, तो पप्पांना घेऊन द्यायचा, असं पोरीच्या मनात. म्हणजे ती तिकडून, पप्पा इकडून, खेळ एकच.

मी भाकऱ्या थापत होते. कान मात्र बाहेर.

"पप्पा, लाँचला घ्यायची रिस्क आहे. पहिले पहिले गरम होऊन मधेच बंद पडतात."

"मग थांबू."

"तोवर मी इथे असणार का? तुम्हाला जोडून कोण देणार? आणि शनिवारी लाँचला गर्दी तरी केवढी असणार!"

भाकरी तव्याच्या बाहेर पडली.

कारण ऐका. माझं माहेर उरणकडचं. आमच्याकडे लाँच म्हणजे एकच, बंदरातून मुंबईला जाते ती! आठ वर्षांची असताना बाबांबरोबर मी लाँचमध्ये होते. इंजिन गरम झालं आणि भर समुद्रात बंद. तीन तास! बाबांनी मला पोटाशी धरून ठेवलं होतं. त्यानंतर मी लाँचवर पाय ठेवलेला नाही. आणि ही पोरगी, पोहता येत नाही, ती खेळायचा डबा आणायला लाँचने जाणार?

पिठाच्या हातांनी बाहेर आले. "लाँचला नाय जायचा! रस्ते काय बुडाले?"

"मम्मी, लाँच एकदाच असते."

"एकदाच? दिवसभर सुटतात!"

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले.

मला? लाँचमधलं मला कळत नाही? "तुम्ही घाटावरचे! मी बंदरावर वाढले!"

लगेच भावाला फोन लावला. रमेश लाँचवर खलाशी आहे.

"काय रे, तुमची लाँच गरम होऊन बंद पडते काय?"

"कोन बोलला? दाखव मला तो!"

"शनिवारी तुजी भाची येते. दोन जॅकेट दे, बुडू नये म्हणून घालतात ती."

दिली. नारिंगी, भडक.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन मी दारात उभी. "मी पण येते."

"तू? लाँचला?" दर्शना बघतच राहिली.

"एकटी नाय जायची. काय झालं तर तुला धरायला कोण हाय?"

 माझ्या हातातली पिशवी पोरीने घेतली.

आमच्या करंजाड्याहून रिक्षा पनवेलच्या स्टँडकडे निघाली. मला वाटलं, इथून उरणची एसटी धरणार. तर रिक्षा एका दुकानासमोर थांबली. बाहेर ही मोठी लाइन!

"मम्मी, बघ लाँचची गर्दी!"

लाँचची तिकिटं इथेच मिळत असतील, म्हणत मी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. साडीवरून जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि दुसरं तिच्या गळ्यात घालायला लागले.

"मम्मी! हे काय?"

"लाँच बोललीस ना?"

अख्खी लाइन हसली. मग दर्शनाने समजावलं, नवीन वस्तू पहिल्यांदा विकायला येते त्याला पण लाँच म्हणतात. म्हणोत बापडे! समुद्र नाही, पाणी नाही, आणि म्हणे लाँच!

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. दर्शना हसत होती, हसता हसता डोळे पुसायला लागली. "तू लाँचवर चढणार होतीस? माझ्यासाठी?"

"नाय तर काय, तुला एकटीला सोडणार होते?"

आमचा नंबर आला तेव्हा तीच कचरली. "घेऊ का गं? बंद पडला तर?"

"घे. माझी लाँच तीन तास बंद होती, ती पण लागली किनाऱ्याला. हा तर डबा. तू गेल्यावर पप्पांनी भांडायचं कोणाशी?"

घेतला. आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही. बाप-लेक रोज फोनवरून भांडतात.

पहिल्याच दिवशी बिघडलं ते माझं जॅकेट! पट्ट्याचा चाप असा अडकला की दुकानदाराने ओढला, लाइनीतल्या दोघांनी ओढला, सुटेना. तशीच नारिंगी होऊन करंजाड्याला परतायला रिक्षात बसले.

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, रिक्षा बंद केली आणि मागे वळून विचारलं, "मावशी, करंजाड्यात पाणी भरलंय काय?"