झरीत तपासलेले

ज्या कामातून दुसरं काहीच निघत नाही, त्यातून किस्से मात्र भरपूर निघतात. आमच्या कॅटलॉगचं तसंच झालंय. तीन वर्षं झाली, काम जागचं हलत नाही आणि किस्से ठेवायला जागा उरली नाही.

आधी काम काय ते सांगतो. यवतमाळला आर्णी रोडवर गजूभाऊंचे कॉम्प्युटर क्लासेस आहेत. तिथं दर रविवारी आम्ही पाच-सहा जण जमतो. मी तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेला लॅब असिस्टंट, वंदनाताई शाळेत शिक्षिका, बाकीचे क्लासचे जुने विद्यार्थी. जगभरातले फुकट प्रोग्रॅम एका वेबसाइटवर गोळा करायचे आणि प्रत्येकावर टॅग लावायचे. टॅग म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी, दुसरं काही नाही. टॅग कोणीही सुचवावा, ग्रुपवर तीन अंगठे आले की तो पक्का.

सगळ्यात महत्त्वाचा टॅग 'नेटशिवाय चालते'. कारण हा खटाटोप ज्यांच्यामुळे सुरू झाला, ते आत्राम सर झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका शाळेत आहेत. वर्गखोल्या दोन, कॉम्प्युटर एक, रेंज नाही. मुलं घरी कोलामी बोलतात, पुस्तक मराठीत. चित्र दाखवून शब्द बोलणारं काहीतरी मिळावं, एवढीच सरांची मागणी होती.

*

अंगठ्यांचं आमच्याकडे लग्नातल्या आहेरासारखं आहे. तुम्ही माझ्या टॅगला दिला, मी तुमच्या टॅगला देतो. प्रोग्रॅम उघडून पाहणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं! एकदा वंदनाताईंनी ग्रुपवर लिहिलं की सासूबाईंना दवाखान्यात भरती केलंय, रविवारी येणं जमणार नाही. दोन मिनिटांत तीन अंगठे.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "तीन आल्ते ना. पक्क्या झाल्या."

*

गजूभाऊंचं ठाम मत आहे की आपल्या जिल्ह्यात माणूस शोधतो ते शेतीचंच. म्हणून ते दिसेल त्या प्रोग्रॅमला 'शेती' टॅग लावतात. टायपिंग शिकवणाऱ्या प्रोग्रॅमलाही लावला, आणि आम्ही अंगठे दिले.

बोरी अरबचे एक काका सोयाबीनवरच्या किडीचं काही सापडतं का पाहत होते. त्यांनी तो प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि महिनाभर इमानेइतबारे दोन्ही हातांनी टायपिंग केलं. मग क्लासवर येऊन त्यांनी गजूभाऊंना विचारलं, "भाऊ, बाविसावा धडा झाला. सोयाबीनचा कितवा हाय?"

गजूभाऊंनी टॅग काढला नाही. उलट काकांना सर्टिफिकेट दिलं.

*

मधे आम्ही साफसफाईची मोहीम काढली. 'शाळा', 'शालेय', 'शाळेसाठी', 'विद्यार्थी', 'मुले' असे एकाच अर्थाचे पाच टॅग झाले होते. एकच ठेवायचं ठरलं. कोणता ठेवायचा यावर दोन रविवार गेले, तेव्हा गजूभाऊंनी तोडगा काढला. आधी खूण तर करू, काढायचं नंतर बघू. त्यासाठी त्यांनी 'काढून टाकणे' नावाचा नवीन टॅग बनवला. तो तीन अंगठ्यांनी पक्का झाला.

आता शाळेच्या प्रत्येक प्रोग्रॅमवर सहा टॅग आहेत.

*

दुसऱ्यांना हसतोय, पण आता माझं सांगतो. मला हसू येत नाही, तरी सांगतो.

सरांसाठी चित्र-शब्दांचा एक सुंदर प्रोग्रॅम मीच शोधला होता. बैलाचं चित्र आलं की 'बैल' म्हणतो, मडक्याचं आलं की 'मडकं'. मी तो घरी लावून पाहिला. अगदी छान चालला. 'नेटशिवाय चालते' असा टॅग मी स्वतः लावला. आमच्यात उघडून पाहणारा मी एकटाच, याचा मला अभिमानही वाटला. फक्त घरचं वायफाय बंद करायचं राहिलं. नोकरीत तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की तपासताना आधी वायर काढून बघा!

सर रविवारी दोन बस बदलून आले, प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. शाळेत लावला, तर त्यानं नाव आणि पासवर्ड मागितला आणि नेट नाही म्हणून तिथंच अडला. सर परत आले, दुसरा घेऊन गेले. तोही तसाच. असं चार वेळा झालं. तक्रार एकदाही नाही. पाचव्या वेळी मीच विचारलं, मुलं काय म्हणतात?

सर म्हणाले, "पोरं आता त्या पानालेच प्रोग्रॅम समजून राह्यले. एकेक जण येते, नाव टाकते. पासवर्डात बापाचं नाव टाकते. मंग दुसऱ्याचा नंबर."

मला फार लाज वाटली.

*

त्या दिवशी सरांनी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा टॅग सुचवला. 'झरीत चालत नाही'. सोबत वहीचं पान, त्यावर शाळेत लावून पाहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं नाव.

आमच्या इतिहासात अंगठ्यांआधी ज्याच्यावर चर्चा झाली असा हा एकमेव नवा टॅग. गजूभाऊ म्हणाले, तालुक्याची बदनामी होईल. वंदनाताई म्हणाल्या, नकारार्थी टॅगनं नवीन माणूस खचतो. पण सरांनी एवढी मेहनत घेतली, ती वाया जाऊ नये असंही सगळ्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून त्या यादीतल्या सगळ्या प्रोग्रॅमना 'झरीत तपासलेले' असा टॅग द्यायचं ठरलं. ते खोटं तरी कुठं होतं? अंगठे पटापट आले. त्यात एक माझा होता. बसची वेळ झाली म्हणून सर उठले.

आता साइटवर तेच प्रोग्रॅम सगळ्यात वर दिसतात.

*

परवा सरांच्या शाळेसमोर एक मोटारसायकल थांबली. शेजारच्या तालुक्यातले एक गुरुजी होते. मागे कॅरिअरवर चादरीत गुंडाळून, दोरीनं आवळून त्यांनी आपल्या शाळेचा अख्खा कॉम्प्युटर आणला होता. त्यांच्या गावातही रेंज नाही. त्यांनी आमच्या साइटवरचा पहिला प्रोग्रॅम घेतला होता आणि तो अडला होता. झरीत चालतं आणि आपल्याकडे चालत नाही, म्हणजे आपलंच मशीन बिघडलेलं, असं धरून ते जंगलातल्या रस्त्यानं एवढं लांब आले होते.

सरांनी त्यांना पाणी दिलं. दोन्ही कॉम्प्युटर एका टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि दोन्हींवर तोच प्रोग्रॅम उघडला. दोन्ही पडद्यांवर तेच पान आलं, नाव आणि पासवर्ड मागत. मुलं सवयीनं रांगेत उभी राहिली.

गुरुजींनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे आमचं मशीन चांगलं हाय," ते म्हणाले, आणि चादर झटकून कॉम्प्युटर पुन्हा बांधायला लागले.