मोठ्या पंपाची हाव

आमच्या बोटीला धरणाच्या दोन्ही काठांवरची माणसं 'जेट' म्हणतात. हे नाव माझ्या पुण्याच्या नणंदेच्या यजमानांनी ठेवलं. दिवाळीला आले होते, बोटीत बसले, मागच्या पाइपातून सुटणारी पाण्याची धार पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही तर जेट बोट." झालं, नाव चिकटलं. जेट म्हणजे काय, तर पत्र्याचा एक डोंगा. त्याच्या मधोमध शेताला पाणी द्यायचा छोटा पेट्रोल पंप बसवलेला. एक पाइप धरणातलं पाणी ओढतो, दुसरा तेच पाणी मागे फेकतो, आणि त्या जोरावर डोंगा पुढे सरकतो. मागच्या पाइपाचं तोंड वळवलं की डोंगा वळतो. पंखा लावून पाहिला होता आधी, पण आमच्या पाण्यात काठाला बेशरमाची झुडपं आणि मध्ये मासेवाल्यांची जाळी. पंखा दर दोन दिवसांनी गुरफटायचा आणि मासेवाले भांडायला यायचे. मग आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पंपाची युक्ती काढली. नाव मोठं आणि लक्षण खोटं, असं मी त्यांना चिडवते, पण बोट चालते.

बोट हौसेची नाही. धरण झालं तेव्हा गाव उठून रस्त्याच्या काठावर गेलं. सासऱ्यांची जमीन मात्र पाण्याच्या अलीकडे राहिली, म्हणून आमचं घरही इकडेच राहिलं. धरणाला वळसा घालून येणारा गाडरस्ता आहे, पण तो काळ्या मातीचा. पावसाळ्यात मोटरसायकलच्या चाकात एवढा चिखल भरतो की चाक फिरतच नाही. त्यामुळे वांगी, मेथी, मिरची, सगळं बोटीतून पलीकडे जातं आणि तिथून धामणगाव बढेच्या बाजाराला. आमची एकुलती एक मुलगीही तशीच जायची. ती खामगावला अकरावीत होती. पलीकडच्या फाट्यावरून खामगावची पहिली एसटी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. तिला सोडायचं आणि आणायचं काम माझं. बोट मी चालवते. सुरुवातीला लोक बघायला यायचे, आता कुणी मान वर करत नाही.

एसटी चुकू लागली, तिथून सगळं सुरू झालं. आम्ही काठाला लागावं आणि एसटीचं ढुंगण दिसावं, असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. पोरगी दप्तर पोटाशी धरून बसून राहायची. मीच चरफडायची. परतताना त्या पंपाच्या टुकटुकीवर माझा असा राग निघायचा की वाटायचं, उतरून पाण्यातून ढकलत न्यावं याला.

वर्गशिक्षिकेनं एकदा घरच्यांना फोन करून सांगितलं, मुलीला होस्टेलला ठेवा, हजेरी कमी पडतेय. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मोठ्या पंपानं घर केलं.

घरचे वांगी निवडत बसले होते. मी विषय काढला. त्यांनी किडकं वांगं बाजूला टाकलं आणि म्हणाले, "मोठ्या पंपाचे पैसे म्हंजे घरावरचा स्लॅब. दोनातलं एकच होईन."

"मंग टिनं राहू द्या," मी म्हटलं.

"मागच्या पावसात तूच म्हनली, टिनं गळते."

"गळू द्या. घमेलं ठेवीन मी."

"होस्टेल सस्तं पडते पंपापेक्षा," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं हे शांतपणे बोलणं मला सहन होत नाही. "पोट्टी तशीबी दोन वर्षानं शिकाले भाईर जाईनच. मंग त्या पंपाचं काय लोनचं घालशीन?"

मी कारणांची माळ लावली. भाजी लवकर पोचेल, भाव चांगला मिळेल. रात्रीबेरात्री कुणाचं दुखलंखुपलं तर लवकर नेता येईल. पाहुणे येतात ते भिजत बसतात. सगळी कारणं खरी होती आणि एकही माझं नव्हतं. मला पोरगी घरात पाहिजे होती, एवढंच. संध्याकाळी ती पलीकडच्या काठावर दिसली नाही तर माझ्या दिवसाचं मी काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. पण हे असं कुणाला तोंडानं सांगतात का? पंप मागता येतो.

पुण्याच्या नणंदेला फोन केला. वाटलं, ती तरी भावाला समजावेल. ती म्हणाली, "वहिनी, घ्यायचाच आहे का मोठा?" मी म्हटलं, "हाव." ती हसायला लागली. इथेच वाढलेली, पण पुण्यात राहून आता तिला आमचं बोलणं नवं वाटतं. म्हणाली, "इकडे हाव म्हणजे हो नाही, लोभ गं. कुणी विचारलं चहा घेता का, आणि मी हाव म्हटलं की सगळे बघतात." मला त्या दिवशी हसू आलं नाही. फोन ठेवला आणि पुन्हा काठावर जाऊन उभी राहिले. त्या दिवसांत माझं तेच चाललं होतं. घरातून काठावर, काठावरून घरात. भाजी फोडणीला टाकायची आणि पाण्याकडे बघायला जायचं. भाजी करपायची.

शेवटी उंद्रीचा माझा भाऊ मदतीला आला. त्याची विहीर खोल आणि शेत चढावर. त्यासाठी त्यानं मोठा डिझेल पंप घेतलेला. म्हणाला, "ताई, हप्ताभर माहा पंप नेऊन पाह्य. पसंत पडला त मंग नवा घे. पार टेकडीवर पानी चढोते हा."

टेकडीवर पाणी चढवतो म्हटल्यावर आम्हा दोघांनाही पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. आम्ही विहीरवाली माणसं. पंपाची ताकद म्हणजे तो पाणी किती उंच चढवतो, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. जो पाणी टेकडीवर चढवतो तो डोंग्याला उडवतच नेणार, यात शंका कसली? घरच्यांनीसुद्धा मान डोलावली. पिकअपमधून पंप फाट्यावर आला, आमच्याच डोंग्यातून डुगडुगत इकडे आला, आणि घरच्यांनी दुपारभर खपून नटबोल्ट आवळून तो बसवला. डोंगा चांगला वीतभर खाली बसला. मी म्हटलं, बसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारलं आणि काठावरचे सगळे बगळे एकदम उठले. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पत्रा थरथरत होता, फळी थरथरत होती, माझे दात एकमेकांवर वाजत होते. मागे पाण्याची धार अशी सुटली की बघत राहावं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या मासेवाल्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला हसू फुटलं. किती दिवसांनी माझ्या जिवाला बरं वाटत होतं. वाटलं, आता कुठली एसटी चुकते ते बघतेच.

पोरगी पुढच्या फळीवर बसून वेणी घालत होती. वेळ वाचावा म्हणून ती वेण्या बोटीतच घालायची. रोज धरणाच्या मधल्या वाळलेल्या बाभळीपाशी आलो की तिची एक वेणी पूर्ण झालेली असायची आणि दुसरीला हात लागलेला असायचा. त्या दिवशीही बाभूळ आली तेव्हा एक वेणी झाली होती आणि दुसरीला हात लागला होता. मी ते पाहिलं. पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. एवढा आवाज आहे म्हणजे वेग असणारच.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले दिसले, शब्द एकही पोचला नाही. चेहरा मात्र प्रश्न विचारल्यासारखा होता. मला वाटलं विचारतेय, पळते ना जेट? मी जोरात मान हलवली आणि ओरडले, "हाव."

ती क्षणभर तशीच बघत राहिली. मग पुन्हा वेणीकडे वळली.

फाट्यावर एसटी आलेलीच नव्हती. ती त्या दिवशी उशिरा आली. पण मी सगळं श्रेय पंपाला देऊन टाकलं आणि जिंकल्यासारखी परत आले. स्लॅब गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणत आले.

दुपारी घरचे शेतातून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "पोरीचा फोन आल्ता. होस्टेलच्या मॅडमले भेटून राह्यली म्हने. जागा हाय त्याइच्याकडं."

"कायले भेटून राह्यली?"

"तू हाव म्हनली म्हने."

"म्या? कवा?"

"सकाळी. बोटीत."

मी हातातली परात तशीच खाली ठेवली. पहिल्यांदा घरच्यांवर चिडले, मग पोरीवर, मग भावाच्या पंपावर. ऐकू आलं नाही तर हाव का म्हटलं, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे. ते पाना घेऊन काठावर गेले आणि पंपाचे नट सोडायला लागले. मी मागे गेले तर म्हणाले, "म्या इथून पाहून राह्यलो होतो. रोजच्याएवढाच टाइम लागला. हा उंच चढोवाचा पंप हाय. थोडंच पानी, पन जोरात. आपल्याले आडवं ढकलाचं हाय. तुह्या भावाच्या मिरच्या सुकतीन, जाऊ दे त्याले वापस."

मला वेणी आठवली. पाय थांबेनात. काठ आणि घर, काठ आणि घर. मनात एकच वाक्य घोटत होते, मला ऐकू आलं नव्हतं. हे एक वाक्य बोललं की सगळं जागच्या जागी येणार होतं. होस्टेल रद्द. पोरगी आईच्या तोंडाला तोंड देणारी नाही. ती हो म्हणेल, दप्तर पोटाशी धरेल आणि बसेल.

संध्याकाळी लहान पंपावर तिला आणायला गेले. ती फाट्यावरून उतारानं येताना दिसली आणि माझ्या लक्षात आलं, आज ती झपझप चालतेय. एरवी पाय ओढत यायची. डोंग्यात बसली, पंपाकडे बघितलं. टुकटुक करत आम्ही निघालो.

"सकाळी काय म्हनली होतीस तू?" मी विचारलं.

"तू हाव म्हनली."

"मले ऐकू नाई आलं."

ती पाण्यात हात घालून बसली होती. हात बाहेर न काढता म्हणाली, "माईत हाय मले."

"माईत हाय? मंग?"

"या पंपावर तुले सारं ऐकू येते. मंग तू रडतं आन् मले इचारताच येत नाई. म्हून तवा इचारलं."

मी काही बोलणार तेवढ्यात पंप घशात काही अडकल्यासारखा खोकला. ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीला शेवाळ लागलं होतं. मी पंप बंद केला. तिनं रोजच्यासारखं वाकून दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि जाळी साफ करायला लागली. बाभूळ जवळच होती. एवढं शांत झालं की तिच्या बोटांनी शेवाळ तुटल्याचा आवाज येत होता.

"एसटी चुकते म्हून जाऊन राह्यली का तू?" मी विचारलं. मला वाटत होतं तिनं हो म्हणावं. एसटीवर इलाज करता आला असता. भावाचा नाही तर दुसरा पंप शोधला असता.

"नाई," ती म्हणाली. "एसटी रोज भेटली तरी मले जाचंच हाय. मले तिथं राहून पाहाचं हाय आई."

तिनं शेवाळाचा गुंडा लांब फेकला. मी पंपाच्या दोरीला हात घातला आणि ओढली नाही. दोरी ओढली असती तर निदान थोडा आवाज झाला असता.

"आता इचार," मी म्हटलं.

"काय?"

"सकाळी इचारलं ते. आता ऐकू येते मले."

ती सरळ बसली. ओला हात ओढणीला पुसला. माझ्याकडे बघून, शाळेत उभं राहून विचारावं तसं तिनं विचारलं, "मी होस्टेलले जाऊ?"

रडायचं नाही हे ठरवलं होतं. नाही म्हणायची मला फार इच्छा होती. आजही सांगते, फार होती.

"हाव," मी म्हटलं.

मग दोरी ओढली. पंप पहिल्याच झटक्यात सुरू झाला, एरवी मेला चार वेळा दमवतो. पोरगी पुढे तोंड करून बसली. सकाळची एक वेणी सुटत आली होती, पण माझ्या हातात पाइप होता. घराचा काठ दिसायला लागला. टिनांवर शेवटचं ऊन होतं, घरचे काठावर उभे होते. इतके दिवस मी मोठ्या पंपासाठी जीव टाकत होते, आणि त्या पाण्यावर मला वाटत होतं, हा आहे तो पंपसुद्धा थोडा लहान असता तर चाललं असतं.